बिछायतवाल्या मंदाकाकूंचं स्टेअरिंग

माझ्या व्यवसायात माणसाची ओळख सांध्यापासून सुरू होते. नाव, गाव, पोरंबाळं हे सगळं मागाहून कळतं; आधी कळतो तो गुडघा, नाहीतर कंबर, नाहीतर मान. मंदाकाकूंची आणि माझी ओळख उजव्या खांद्यावरून झाली.

नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात मी तेव्हा फिजिओथेरपिस्ट होते. सकाळच्या गर्दीत साठीला टेकलेली एक उंच बाई आत आली. सुती पातळ, त्यावर कॉलरचा पुरुषी शर्ट, पायात धावायचे बूट. खुर्चीवर बसायच्या आधी तिने खुर्ची हलवून बघितली आणि म्हणाली, "एक पाय ढिला आहे हिचा. कोणी पडन."

मी म्हटलं, "हात वर करा."

केला. कानाला लागायला हवा तो हात नाकाच्या रेषेत अडकला. कपाळावर घाम फुटला.

"दुखतं?"

"नाई."

"काकू, खरं सांगा."

"दुखते. पण दिसून राहिलं तर विचारते काहून वं?"

मांडवाचा खांब उपटताना हात ओढला गेला होता, मग त्या हाताला जपता जपता खांदा आखडून बसला होता. आमच्याकडे असे खांदे पुष्कळ येतात. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "काम काय करता?"

"गाडी चालवतो."

आमच्याकडच्या बायका 'जातो', 'करतो', 'चालवतो'च म्हणतात, त्यामुळे त्यात मला काही वेगळं वाटलं नाही. मी म्हटलं, "मग स्कूटी काही दिवस बंद."

बाईने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. मग उठली, चांगल्या हाताने माझा दंड धरला आणि मला खिडकीपाशी नेलं. खाली हॉस्पिटलच्या फाटकाशी एक जुना निळा ट्रक उभा होता. पाठीवर खांब, सतरंज्यांच्या गुंडाळ्या आणि माणूस आत बसून आंघोळ करील एवढाली पातेली. आमचा चौकीदार तोंडात शिटी धरून ट्रकभोवती फेऱ्या मारत होता; कोणाकडे बघून वाजवावी ते त्याला कळत नव्हतं.

"हे गाडी," बाई म्हणाली.

त्या ट्रकला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. उभ्या गाडीत चाक वळवायचं तर दोन माणसं लागत, आणि बाई ते एकटी वळवत असे, हे तिने मला खांद्याच्या कारणाचा भाग म्हणून सांगितलं नाही. कौतुक म्हणून सांगितलं. मी म्हटलं, हा ट्रक बंद म्हणजे बंद, निदान तीन महिने.

"मंग लग्नं पुढं ढकला म्हणून सांगू का लोकाइले?"

तिने व्यायामाचा कागद घेतला, नमस्कार केला आणि खाली गेली. मी खिडकीतून बघत राहिले. स्टेअरिंगवर छाती टेकवून, डाव्या हाताने, एका दमात तिने तो ट्रक मागे घेत फाटकाबाहेर काढला. चौकीदाराने शिटी खिशात टाकली आणि तिला सलाम केला.

संध्याकाळी मनीषनगरात घरी आले तेव्हा तोच निळा ट्रक माझ्या गॅलरीसमोरच्या अंगणात उभा. मी आणि माझा नवरा त्या फ्लॅटमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. समोर मोठ्या अंगणाचं बैठं घर आहे एवढं माहीत होतं. ते कोणाचं, हे त्या दिवशी कळलं. मनीषनगरात फ्लॅट कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते तेव्हा मंदाकाकू आणि त्यांच्या नवऱ्याने ही जागा घेतली. आता चारही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि मधोमध हे घर, ट्रक आणि पातेल्यांची उतरंड.

पुण्याकडे ज्याला मांडववाला म्हणतात त्याला आमच्या नागपुरात बिछायतवाला म्हणतात. खांब, कापड, गाद्या, खुर्च्या, भांडी, सगळं त्यात आलं. नवरा-बायकोने कामं वाटून घेतली होती. मांडवाचं कापड गांधीबागेतून आणणं, त्याच्या झालरी शिवणं हे मास्तरांचं काम. मास्तर शाळेतले नव्हेत, शिलाईचे. नाव सुधाकर, पण सगळे मास्तरच म्हणत, मंदाकाकूही. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. दिवसभर ओसरीत मशीन चालवायचा आणि काकूंच्या तोंडचं सगळं ऐकून घ्यायचा. ट्रक चालवणं काकूंकडे. त्यांच्या वडिलांचा गिट्टीच्या खदानीवर ट्रक होता. लग्नाआधीच त्या तो चालवायला शिकल्या होत्या आणि लग्नात, म्हणे, सासरच्यांनी विचारलं, मुलीला काय येतं, तर वडिलांनी सांगितलं, "स्वयंपाक बेताचा. घाट चांगला उतरते."

रस्त्यावर काकूंचं बोलणं अखंड चालू असे. कोणी मागून हॉर्न वाजवला की, "जा बाप्पा, तुलेच घाई आहे." कोणी चुकीच्या बाजूने पुढे घुसला तर त्याला पुढच्या सिग्नलला गाठून वरून खिडकीतून चौकशी करायच्या, "काहून गा, घरी गॅस चालू राहिला का?" त्यांना राग आलेला मी पाहिला नाही. चौकशी मात्र खरीखुरी असे. एकदा एक पोरगा म्हणाला, आई दवाखान्यात आहे, तर काकूंनी ट्रक आडवा लावून त्याला वाट करून दिली.

कळमेश्वरकडच्या एका लग्नाची गोष्ट त्या नेहमी सांगत. मांडव घालून, उरलेल्या गाद्या आणि बल्ब घेऊन परतताना त्यांना वाटेत वऱ्हाडाची बंद पडलेली बस दिसली. नवरदेव रस्त्याच्या कडेला उभा, फेटा हातात, मुहूर्त जवळ आलेला. काकूंनी सगळं वऱ्हाड मागे गाद्यांवर बसवलं आणि नवरदेवाला केबिनमध्ये घेतलं. जागा नव्हती म्हणून विजेच्या बल्बांची पेटी त्याच्या मांडीवर ठेवली. रस्ता खड्ड्यांचा. मांडवात पोचल्यावर त्या थेट नवरीच्या खोलीत गेल्या आणि तिला म्हणाल्या, "पोरगा बरा आहे वं. एक बल्ब नाई फुटला."

तर अशा बाईला मी ट्रक बंद करायला सांगितला होता.

त्यांनी ऐकलं, हे कबूल केलं पाहिजे. व्यायामही केले, आपल्या पद्धतीने. भिंतीवर बोटांनी वर वर चढायचं, हा माझा व्यायाम. त्या तो अंगणातल्या मांडवाच्या खांबावर करत आणि रोज जिथवर बोट पोचेल तिथे खडूने रेघ मारत. गॅलरीतून मला दिसायचं. कालच्या रेघेच्या खाली बोट थांबलं की त्या खांबाशी भांडत.

ट्रकवर त्यांनी पगारी ड्रायव्हर ठेवला आणि स्वतः बाजूला बसू लागल्या. पहिला ड्रायव्हर एका सिग्नलला गाडीतून उतरला, किल्ली त्यांच्या हातात दिली, हात जोडले आणि चालत निघून गेला. दुसरा आजारी आजीला भेटायला गावी गेला. आजी अजून बरी नसावी. तिसरा मिळेना, कारण पहिल्या दोघांनी सगळीकडे सांगितलं होतं.

आणि खांदा? तो सुधारत होता, पण तो जुना ट्रक पूर्वीसारखा ओढण्याइतका सुधारणार नव्हता. मी ते एका दुपारी त्यांच्या ओसरीत बसून स्पष्ट सांगितलं. मास्तरांचं मशीन थांबलं. काकू उठल्या. आतून माझ्यासाठी पोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खाय. तुहा काय दोष आहे त्याच्यात."

मग एका बांधकामावर त्यांना ते यंत्र दिसलं. माती खोदणारं, त्यांच्या ट्रकहून मोठं, आणि आत बसलेला माणूस एका हाताने पाणी पीत दुसऱ्या हाताच्या एका बोटाने ते गरागरा फिरवत होता. काकू घरी न जाता सरळ माझ्याकडे आल्या.

"एका बोटानं वं, डॉक्टरीण! त्याच्या गाडीत तेल जोर लावते. मंग माह्या गाडीत काहून नाई लावणार?"

नागपूरलगतच्या वाडीच्या बाजूला अशी यंत्रं दुरुस्त करणारा गजू मिस्त्री त्यांनी शोधून काढला. त्याने स्टेअरिंग तसंच ठेवलं आणि खाली, पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, तेलावर चालणारा एक सिलिंडर बसवला. इंजिनावर त्याचा पंप. ड्रायव्हर जिकडे वळवील तिकडे तेल सिलिंडरला ढकलणार आणि सिलिंडर चाकांना. खांद्याला जोर नको. गाडीत एवढा बदल केला म्हणजे आरटीओची तपासणी करून घ्यावी लागणार होती. त्याआधी, गजूने सांगितलं, थोडी फिरवून बघा.

एका रविवारी सकाळी माझ्या फ्लॅटखाली हॉर्न वाजला. "चाल वं! तुले हात पाहायचा आहे ना माहा? बसून पाह्य."

मी केबिनमध्ये चढले. काकूंनी खरोखरच एका बोटाने ट्रक गल्लीतून बाहेर काढला. मी त्यांच्या खांद्याकडे बघत होते. तो सैल होता, छान होता. सरळ रस्त्यावर मात्र त्यांचा हात सारखा इकडून तिकडे होत होता.

"काकू, सारखं सावरावं लागतंय का?"

"डावीकडे जाते जराशी. नवीन आहे. शिकन."

वर्धा रोडच्या बाजूच्या छोट्या रस्त्यावर डावीकडे वळण घेतलं. आणि वळण झाल्यावर काकूंनी तेच केलं जे त्या आयुष्यभर करत आल्या होत्या: तळवे ढिले सोडले. जुनं स्टेअरिंग वळणानंतर हातातून आपोआप फिरून सरळ व्हायचं. हे झालं नाही. जिथे होतं तिथेच थांबलं. ट्रक वळतच राहिला, फुटपाथवर चढला आणि काकूंचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत मडक्यांच्या एका मोठ्या राशीत शिरला.

वेग सायकलीएवढाच होता. मडकी विकणारी बाई पलीकडच्या टोकाला गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती. कोणाला काही झालं नाही. मडकी गेली. बाई ओरडत आली, काकूंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, भरपाई तिथल्या तिथे केली आणि मग फुटपाथवर, खापरांमध्ये बसल्या. एक खापर उचलून त्या ते दुसऱ्याशी जुळवून बघत राहिल्या.

"मडके होते म्हणून," त्या म्हणाल्या. "माणूस असता तर?"

ट्रक गजूने येऊन हळूहळू घरी नेऊन लावला. काकूंनी किल्ली मास्तरांच्या मशीनवर ठेवली आणि म्हणाल्या, "विकून टाका."

पुढचे काही आठवडे समोरचं अंगण गप्प होतं. गजू दोनदा येऊन चाकं मोजून गेला; त्याच्या मते सगळं बरोबर होतं. खांबावरची खडूची रेघही वर सरकेना. मी जायचे, हात हलवून घ्यायचे. काकू मी सांगेन ते करायच्या आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं.

एका सकाळी मास्तर माझ्या दारात उभे. आजवर ते कधी आले नव्हते.

"डॉक्टरीणबाई, वाडीले एक अय्यूबभाई आहे म्हणते. चाकाइची एलाइनमेंट करते. त्याच्याकडं जायचं होतं. मले बोलता येत नाई, तुम्ही चालता का?"

मी त्यांना स्कूटीवर मागे घेतलं. वाटेत न राहवून विचारलं, "मास्तर, काकू चालवायच्या थांबल्या तर तुम्हाला बरंच नाही का?"

मास्तरांनी मागची दांडी घट्ट धरली. मग म्हणाले, "बरंच आहे. ते गाडी घेऊन गेली का घरी येईपर्यंत मी भेत राहतो. इतकी वर्षं झाली, रोज भेतो. पण आता ते भांडत नाई वं. काल मी तिच्या समोर झालर उलटी शिवली. पाह्यलं तिनं, पण बोलली नाई."

अय्यूबभाईंचं दुकान म्हणजे एक शेड, एक खड्डा आणि बाहेर टायरवर बसलेले अय्यूबभाई. जगात चांगलं काही उरलेलं नाही अशा चेहऱ्याचा माणूस. कोणतीही गाडी आली की पहिलं वाक्य, "ये तो गई." मास्तर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि मला एक शब्द न बोलू देता सगळं स्वतःच सांगितलं: ट्रक, खांदा, सिलिंडर, मडकी.

"गाडी कोण चालवते?"

"माही बायको."

"तो उसको भेजो. मालूम तो उसको रहेगा."

"ते नाई येत," मास्तर म्हणाले. "भ्याली आहे."

अय्यूबभाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग टायरवरून उठले आणि आतल्या माणसाला सांगितलं की दुकान बघ, मी मनीषनगरला जाऊन येतो. नंतर कळलं की ते गाडी बघायला कधी कोणाच्या घरी जात नसत.

अंगणात ते ट्रकखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. काकू ओसरीत पाठ करून तांदूळ निवडत होत्या. शेवटी खालून आवाज आला.

"ये तो गई."

काकूंचा हात थांबला.

"पंप चांगला, सिलिंडर चांगला. बसवलं बी मजबूत. पण एक बाजूले सरकून बसवलं. डावीकडे पूरा चलता, उजवीकडे आधेच्यात खतम. गाडी डावीकडेच जाईन, नाही तर काय करन?"

काकू तांदळाकडे बघतच म्हणाल्या, "ते मले बी समजलं होतं."

"समजलं तर चलाई काहून?"

"वाटलं, शिकन."

"लोखंड शिकते का, बाई?"

त्यावर काकू वळल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. "माह्या हाताखाली शिकलं असतं," त्या म्हणाल्या, आणि सूप बाजूला ठेवून ट्रकपाशी आल्या. मास्तरांनी मशीनवर मान खाली घातली. ते हसत होते.

ते काम तीन दिवस चाललं आणि मी सुट्टीचा दिवस धरून जमेल तेवढं पाहिलं. सिलिंडर मधोमध सरकवणं सोपं निघालं. अवघड होतं ते चाकं एकमेकांशी सरळ आहेत का हे मोजणं. गजूने मोजलं होतं, पण बंद गाडीत. अय्यूबभाई म्हणाले, बंद गाडीत सिलिंडर झोपलेला असतो. इंजिन सुरू झालं की तो दांड्याला रेटतो, दांडा केसभर वाकतो आणि चाकांची तोंडं बदलतात. शिवाय ट्रक रिकामा होता. काकू तर तो भरून नेणार. म्हणून आधी सगळी बिछायत ट्रकवर चढवली, खांबापासून पातेल्यांपर्यंत. मग इंजिन सुरू करून काकूंना स्टेअरिंगवर बसवलं: चाक सरळ धरायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. अय्यूबभाई दोन्ही टायरांवर खडूने खुणा करून पुढून मोजत, मागून मोजत, दांड्याची लांबी थोडी बदलत आणि पुन्हा मोजत.

काकू हलल्या नाहीत. न बोलणं जमलं नाही.

"झालं का?"

"नाही."

"आता?"

"बाई, तुमच्या तोंडाची एलाइनमेंट होत असती तर पयले ते केली असती."

राहिलं ते स्टेअरिंग आपोआप परत न येणं. अय्यूबभाईंनी रस्त्यावरून जाणाऱ्या एका पेपरवाल्याची सायकल मागून घेतली आणि काकूंना दाखवली. सायकलचा पुढचा दांडा किंचित मागे कललेला असतो, म्हणून चालत्या सायकलचं हँडल स्वतःहून सरळ होतं. ट्रकच्या पुढच्या आसालाही तसाच थोडा कल असतो. पण आता वळवलेल्या चाकाला तेल धरून ठेवत होतं, तेव्हा तो कल थोडा वाढवायला हवा. त्यांनी स्प्रिंगच्या पाट्यांच्या आणि आसाच्या मध्ये लोखंडाची एक पातळ पाचर बसवली, मग ट्रक जॅकवरून खाली घेतला, पुन्हा मोजलं, पहिली काढून जरा जाड पाचर बसवली.

काकू सायकल हातात धरून उभ्या होत्या. हँडल सोडत होत्या, धरत होत्या. पेपरवाला उशीर होतोय म्हणून अस्वस्थ होता.

"आता चलाव," अय्यूबभाई म्हणाले.

काकू जागच्या हलल्या नाहीत. सायकल तेवढी त्यांनी पेपरवाल्याला परत दिली. मग मास्तर उठले, शर्टावरचे दोऱ्यांचे तुकडे झटकले आणि काही न बोलता केबिनमध्ये चढून बाजूच्या सीटवर बसले. मी पाहिलं, त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि दोन्ही हातांनी सीट धरली होती.

"डोये उघडा, मास्तर," काकू वर चढत म्हणाल्या. "मले बी भेव लागून राहिलं, पण मी उघडे ठेवले ना."

अय्यूबभाई आणि मी मागे गाद्यांवर बसलो. बाहेरच्या रिंगरोडवर, मोकळ्या जागी, काकूंनी पहिलं वळण घेतलं. केबिनच्या मागच्या जाळीतून मला त्यांचे हात दिसत होते. वळण झालं. हात घट्टच होते. दुसरं वळण झालं, हात घट्टच. तिसऱ्या वळणावर त्यांनी श्वास घेतला आणि तळवे उघडले. स्टेअरिंग त्यांच्या हातांच्या मधून, जरा सावकाश, पण न अडखळता फिरत आलं आणि सरळ थांबलं.

"आलं!" काकू ओरडल्या. "मास्तर, आलं पाहा!"

अय्यूबभाईंनी मागे उशीवर डोकं टेकलं आणि आभाळाकडे बघत म्हणाले, "अब ये औरत सबको परेशान करेगी."

पुढे आरटीओची तपासणी झाली. तपासणाऱ्या साहेबांनी कागद बघितले, खाली वाकून सिलिंडर बघितला, आणि चालवणाऱ्याला बोलवा म्हणाले. काकू म्हणाल्या, मीच. साहेब शेजारी बसले. ती फेरी कशी झाली ते मला काकूंनी सांगितलं: साहेबांनी त्यांना डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, थांबा, असं सगळं करायला लावलं, आणि शेवटी मुलीचं लग्न डिसेंबरात आहे, बिछायत मोकळी आहे का, असं विचारलं. "मी म्हटलं, साहेब, पयले पास करा का नापास करा, लग्नाचं बाहेर बोलू. माह्यावर कोणी बोट नाई ठेवलं पाह्यजे." पास झाल्या. लग्नाला मांडवही त्यांचाच पडला.

त्यानंतरची तीन वर्षं मी नागपुरात होते आणि ट्रक चालू होता. सकाळी अंगणात काकूंचा आणि मास्तरांचा झालरीवरून वाद ऐकू आला की मी समाधानाने दात घासायचे. खांदा पूर्ण सुटला नाही, पण त्यांना पुरेल एवढा सुटला. अय्यूबभाई दर पावसाळ्यानंतर स्वतःहून यायचे, ट्रकखाली जायचे, "ये तो गई" म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे.

मग माझ्या नवऱ्याची नाशिकला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी काकूंना भेटायला गेले तर घराला कुलूप. त्या कुठल्यातरी लग्नावर असतील असं समजून मी सामान बांधत बसले. दुसऱ्या दिवशी थंडीतल्या सकाळी टॅक्सीने स्टेशनकडे निघालो. वाटेत एका मोकळ्या मैदानावर मला तो निळा ट्रक दिसला. माणसाच्या चालीने तो मैदानाला गोल फेऱ्या मारत होता. मी टॅक्सी थांबवायला लावली आणि खाली उतरले.

स्टेअरिंगवर मास्तर होते. पाठ ताठ, नजर समोर, जशी मशीनवर बसताना असायची. बाजूच्या सीटवर मंदाकाकू, खिडकीत कोपर टेकून, मांडीवर भुईमुगाच्या शेंगा.

ट्रक माझ्यासमोर आला. मी हात हलवला. "काकू!"

"अवं, डॉक्टरीण! आज चालली का तू? मास्तरले थांबवता नाई येत अजून, फिरून येतो, उभी राह्य!"

ट्रक तसाच पुढे गेला. मैदानाला वळसा घालून परत आला.

"तुम्ही चालवणं सोडलं का?" मी चालत चालत विचारलं.

"सोडलं नाई वं! याइले हौस आली. म्हणते, तू गेली का मी भेतो, त्यापेक्षा मलेच शिकव." पुढचं वाक्य धुळीत गेलं आणि ट्रकही गेला. टॅक्सीतून नवरा घड्याळ दाखवत होता.

तिसऱ्या फेरीला काकूंनी मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या. "गाडीत खाय. नाशकाले मांडव लागला तर सांग, आणतो." मग खिडकीबाहेर बघत, "इकडच्या सीटवरून किती झाडं दिसते वं या मैदानाच्या कडेनं! मले माहीतच नव्हतं. मी आपली समोर पाहात राह्यली आयुष्यभर."

मला खूप काही बोलायचं होतं, पण ट्रक पुढे गेला होता. मी चौथ्या फेरीसाठी थांबले असते. नवऱ्याने हाक मारली, गाडीची वेळ झाली होती. टॅक्सी सुटली तेव्हा ट्रक मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला होता, आणि तिथून, मोकळ्या थंड हवेत, मास्तरांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. इतक्या वर्षांत त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना मी प्रथमच ऐकत होते.

"मंदा, ब्रेक कोणता?"

"मधातला!" काकू ओरडल्या. "घाई काय आहे? आणखी एक चक्कर मारा!"